‘हे सरकारने घ्यावे का?’ : परळच्या संस्थेची सत्तर वर्षे

र. धों. कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले. ज्या मुंबईत त्यांनी १९२१ पासून संततिनियमनाचे केंद्र एकहाती चालवले आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, त्याच मुंबईत पुढच्या वर्षी, १९५४ मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) एक लहानसे सरकारी केंद्र उघडले. नाव होते ‘कॉन्ट्रासेप्टिव्ह टेस्टिंग युनिट’, म्हणजे गर्भनिरोधक साधनांची चाचणी घेणारे केंद्र. कालपर्यंत ज्या विषयावर बोलले तर कोर्टाची पायरी चढावी लागे, त्याच विषयाच्या तपासणीला आता सरकारी अंदाजपत्रकात रक्कम धरली जाऊ लागली. आज परळच्या जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवर उभी असलेली राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था हे त्याच केंद्राचे थोरले रूप.

स्मरणिकेतला इतिहास म्हटला की इमारती, उद्घाटने आणि संचालकांची फोटोंसह यादी अपेक्षित असते. ते काम या अंकात इतरांनी केले आहे. मला या संस्थेत रस आहे तो वेगळ्या कारणाने. एखादे औषध, साधन किंवा तपासणी सरकारी दवाखान्यांतून लोकांना द्यावी की नाही, हे कुणीतरी बसून, मोजून, कागदावर सांगावे, यासाठी महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या संस्थांपैकी ही अगदी सुरुवातीची. आज या कामाला ‘आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन’ म्हणतात आणि इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एचटीए’. नाव नवे आहे, पण परळच्या दारावर हा प्रश्न १९५४ पासूनच उभा आहे.

१९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम स्वीकारला. असे करणारा तो जगातला पहिला देश. पण लोकांना द्यायचे काय, हे ठरलेले नव्हते. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांना कृत्रिम साधने मान्य नव्हती. त्यामुळे पहिला प्रयोग झाला ‘सुरक्षित दिवसां’चा. जागतिक आरोग्य संघटनेने पाठवलेल्या डॉ. अब्राहम स्टोन यांच्या देखरेखीखाली म्हैसूर राज्यातल्या रामनगरम् येथे आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा आणि त्याच्या रंगावरून दिवस ओळखायचा. कागदावर हिशेब बिनचूक होता. घरात मात्र मणी सरकवायचे राहून जात, आणि ज्याने दिवस पाळायचे त्या नवऱ्याला माळेशी देणेघेणे नसे. त्या मानाने मुंबईच्या केंद्राचे काम सरळ होते : बाजारात आलेल्या जेली, फेसाच्या गोळ्या, डायफ्रॅम यांचा दर्जा आणि परिणाम तपासायचा. आपल्या उन्हाळ्यात गोळी टिकते का, पावसाळ्यात दमट होऊन फेस धरते का, पेशींना इजा होते का, असे हे प्रश्न. उत्तर आकड्यात येई आणि फाइल दिल्लीला जाई.

प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेली वस्तू कार्यक्रमात नापास होऊ शकते, हा धडा देशाला मिळाला १९६५ मध्ये, आणि तो चांगलाच महागात पडला. लिप्स लूप नावाचे प्लॅस्टिकचे साधन त्या वर्षी राष्ट्रीय कार्यक्रमात आले. एकदा बसवले की वर्षानुवर्षे काळजी नाही, स्वस्त, रोज लक्षात ठेवायची गरज नाही. कानपूरला त्याचा कारखाना निघाला. पहिल्या दोन वर्षांत दरवर्षी आठ-नऊ लाख बायकांना लूप बसवले गेले आणि त्यानंतरच्या दोनच वर्षांत आकडा निम्म्याच्या आसपास घसरला. साधन काम करत नव्हते असे नाही. पण शिबिरात लूप बसवून डॉक्टर पुढच्या गावाला जात आणि इकडे बाईच्या अंगावरून जास्त जाऊ लागे. आधीच अंगात रक्त कमी. विचारायला जायचे तर कुणाकडे? एकीला त्रास झाला की ती बातमी अख्ख्या वाडीत फिरे. आजही आमच्या नाशिक जिल्ह्यात तांबी म्हटले की म्हाताऱ्या बायका तोंड वाकडे करतात. त्यात साठ वर्षांपूर्वीच्या त्या लूपचा वाटा किती असेल, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. साधनाची किंमत धरली होती. साधन बसवल्यानंतर सहा महिने त्या बाईकडे पाहणाऱ्या माणसाची किंमत धरली नव्हती.

पुढची दहा वर्षे तर मूल्यमापनाच्या नावाने उजाडच होती. उद्दिष्टे वरून येत, खाली ती पुरी होत. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर करणारी विधानसभा आपल्या महाराष्ट्राचीच. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, इतकेच.

या काळात संस्था मात्र वाढत होती, पण वेगळ्या दिशेने. १९६३ मध्ये केंद्राचा विस्तार झाला आणि १९७० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन’ हे नाव आले. संप्रेरके, शुक्रजंतू, रोगप्रतिकारशास्त्र असे प्रयोगशाळेचे काम बहरले. या कालखंडातली जगाला ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे ६ ऑगस्ट १९८६. त्या दिवशी केईएम रुग्णालयात भारतातले शास्त्रीय नोंदी असलेले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. केईएमच्या बाजूने डॉ. इंदिरा हिंदुजा आणि संस्थेच्या बाजूने संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार. पुढे १९९७ मध्ये याच आनंद कुमारांनी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींची कागदपत्रे पाहिली आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असे जाहीरपणे लिहिले. मुखर्जींनी हे यश १९७८ मध्येच मिळवले होते. सरकारी समितीने त्यांना खोटे ठरवले आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुरावा समोर आल्यावर स्वतःच्या नावावरचा मान काढून दुसऱ्याला देणारे संचालक आपल्याकडे फार झालेले नाहीत. संस्थेच्या इतिहासात हा प्रसंग टेस्ट ट्यूब बाळाइतकाच मोठ्या अक्षरांत छापायला हरकत नाही.

ऐंशीच्याच दशकात आयसीएमआरच्या गर्भनिरोधक चाचण्यांवर गंभीर आक्षेप आले. नेट-एन हे दोन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या आरोग्य केंद्रात ते देताना, हा प्रयोग आहे हे बायकांना धड सांगितलेच जात नाही, असे स्त्री संघटनांना आढळले. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. खटला २००० पर्यंत चालला आणि हे इंजेक्शन सरसकट कार्यक्रमात आणणार नाही, अशी भूमिका सरकारला घ्यावी लागली. दंडात बसवायच्या नॉरप्लांटलाही मुंबईतल्या गटांनी कडाडून विरोध केला. ‘विज्ञानविरोधी बायका’ अशी त्या वेळी त्यांची संभावना झाली. त्यांचे प्रश्न आज पुन्हा वाचले तर वेगळेच दिसते. आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजायचे यंत्र चालू नसताना हे इंजेक्शन कोणाला द्यायचे नाही, हे कोण ठरवणार? बाई पुढच्या वेळी आली नाही तर तिला शोधणार कोण? इम्प्लांट काढून हवे असेल तर ते काढता येणारी व्यक्ती तालुक्याला आहे का? माझ्या मते हे प्रश्न म्हणजे एचटीएच होते. फक्त ते विचारणाऱ्यांकडे पद नव्हते आणि ज्यांच्याकडे पद होते त्यांनी ते विचारले नाहीत. १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे रद्द झाली आणि तिमाही इंजेक्शन ‘अंतरा’ नावाने कार्यक्रमात यायला २०१७ उजाडले.

तोवर जगात या कामाला शिस्त आली होती. अमेरिकेच्या काँग्रेसने १९७२ मध्ये तंत्रज्ञान मूल्यमापनाचे कार्यालय काढले आणि १९९५ मध्ये ते बंदही केले. ब्रिटनची ‘नाइस’ १९९९ ची, थायलंडची ‘हायटॅप’ २००७ ची. भारतात केंद्रीय आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ मध्ये ‘एचटीए इन इंडिया’ ही व्यवस्था आली. तिचे सचिवालय दिल्लीत, पण काम देशभरच्या भागीदार संस्थांकडे : चंडीगडची पीजीआय, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा आणि मुंबईत परळची ही संस्था. सरकारचा एखादा विभाग किंवा राज्य प्रश्न पाठवते, तो एका केंद्राकडे सोपवला जातो. अभ्यासाचा आराखडा आणि निष्कर्ष दोन्ही तज्ज्ञ समितीपुढे जातात. शिफारस या व्यवस्थेच्या मंडळाची, निर्णय सरकारचा.

दिल्लीत चार तज्ज्ञ बसवून सगळ्या देशाचे हिशेब करता आले नसते का? इथे मी नाशिककर असल्याने उदाहरण आमच्याकडचे घेतो.

समजा, सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक बाई बाळंत झाली आणि अंगावरून जाणे थांबत नाही. ऑक्सिटोसिन देऊन झाले, पोट चोळून झाले. आता लागेल रक्त आणि कदाचित ऑपरेशन. त्यासाठी कळवणचे उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर घाटवळणांच्या रस्त्याने नव्वदएक किलोमीटरवरचे नाशिकचे सिव्हिल. १०८ ला फोन, गाडी येईपर्यंत वेळ, मग प्रवास. या वेळात रक्तस्राव धरून ठेवणारे एक साधन आहे : गर्भाशयात सोडायचा फुगा. त्यात सलाइन भरले की आतून दाब बसतो आणि रक्त थांबते किंवा कमी होते. परदेशी बनावटीचा बाकरी बलून महाग असतो. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी कॅथेटरला निरोध बांधून तेच काम काही रुपयांत करून दाखवले आणि ती पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच तत्त्वावर तयार संचही मिळतो. मग सरकारने काय घ्यावे, कोणत्या पातळीच्या रुग्णालयात ठेवावे आणि त्याला पैसे किती लागतील? परळच्या केंद्राकडे आलेल्या पहिल्या मोठ्या प्रश्नांपैकी हा एक. डॉ. बीना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब मांडला.

तो कसा मांडतात, हे थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. आधी वाटा काढायच्या. रक्तस्राव झालेल्या बायकांचा एक मोठा गट कल्पायचा आणि त्यांतल्या किती जणींचे रक्त औषधाने थांबेल, किती जणींना फुगा लागेल, किती जणींची पिशवी काढावी लागेल, किती दगावतील, याच्या शक्यता उपलब्ध अभ्यासांतून घ्यायच्या. मग प्रत्येक वाटेवर खर्च चढवायचा. इथे खरी दमछाक होते. सरकारी रुग्णालयात रुग्णाला बिल नसते, त्यामुळे एका ऑपरेशनला किती खर्च येतो हे त्या रुग्णालयालाही ठाऊक नसते. विजेचे बिल सगळ्या इमारतीचे एकच. एकच सिस्टर रात्री तीन वॉर्ड पाहते. तिचा पगार कोणत्या वॉर्डात धरायचा? ओटीतला दिवा बारा वर्षांपूर्वी घेतलेला, त्याची झीज वर्षाला किती धरायची? रक्ताच्या पिशव्यांचा खर्च एका रजिस्टरला, चादरी धुण्याचा दुसऱ्या. असे एकेक रजिस्टर उघडून आकडे जमवावे लागतात. पुढे चंडीगडच्या पीजीआयच्या पुढाकाराने देशातल्या रुग्णालयांच्या खर्चाची माहिती एका जागी आली, तेव्हा हे काम थोडे सुसह्य झाले. शेवटी दुसऱ्या पारड्यात ठेवायचे वाचलेले आयुष्य. नुसती वर्षे नव्हेत, तर ती किती धडधाकट अवस्थेत जगली जातील, हेही. त्यासाठी लागणारे भारतीय लोकांच्या पसंतीचे आकडेही अगदी अलीकडचे, २०२२ चे. तोवर परदेशी माणसांच्या मतांवर आपण आपल्या दुखण्यांची किंमत ठरवत होतो.

एका वाढीव निरोगी वर्षासाठी किती जास्त पैसे पडतात, हे काढून देशाच्या दरडोई उत्पन्नाशी ताडून पाहतात. या कसोटीवर माझा फारसा विश्वास नाही. दरडोई उत्पन्न ही सरासरी आहे आणि सुरगाण्याची बाई त्या सरासरीत कुठेच नसते. पण निदान कसोटी उघड आहे. ती कुणालाही तपासता येते, तिच्याशी भांडता येते. पूर्वीच्या फायलींत ‘तज्ज्ञांचे मत अनुकूल आहे’ एवढे एक वाक्य असे. त्याच्याशी भांडायचे कसे?

या फुग्याच्या बाबतीत सावध करणारा एक परदेशी अभ्यासही आहे. युगांडा, इजिप्त आणि सेनेगलमधल्या दुसऱ्या पातळीच्या रुग्णालयांत निरोध-कॅथेटरचा फुगा टप्प्याटप्प्याने आणून पाहिला. २०१९ मध्ये निकाल आला तो अनपेक्षित. फुगा आल्यानंतर शस्त्रक्रिया आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण कमी न होता वाढलेले दिसले. का, यावर वाद आहेत. फुगा वापरून पाहण्यात पुढे पाठवायला उशीर झाला असेल, प्रशिक्षण अपुरे पडले असेल. परंतु नुसते साधन पोहोचवून भागत नाही, ही लूपच्या वेळची गोष्ट इथे पुन्हा दिसते. सुरगाण्यात फुगा ठेवायचा तर तो लावून झाल्यावर गाडी निघालीच पाहिजे, हेही त्याच हिशेबात यावे लागते. गाडी किती वेळात मिळते हे दिल्लीच्या कार्यालयात बसून कळत नाही, आणि नाशिकचे उत्तर अकोल्याला चालेलच असेही नाही. प्रत्येक भागात हे काम जाणणारी माणसे लागतात ती यासाठी.

ती माणसे घडवणे हे संस्थेचे सर्वांत कमी दिसणारे काम. एका अभ्यासाला डॉक्टर लागतो, अर्थशास्त्र शिकलेला लागतो, संख्याशास्त्राचा लागतो आणि बायकांशी बोलू शकणारे कुणीतरी लागते. बहुतेक नेमणुका प्रकल्पापुरत्या. दोन-तीन वर्षांत हात बसतो न बसतो तोच माणूस कंपनीत किंवा परदेशी जातो. डहाणूला संस्थेचे ग्रामीण संशोधन केंद्र आहे, त्यामुळे आदिवासी भागातली माहिती थेट हाती येते. मात्र राज्यभरच्या भावी डॉक्टरांपर्यंत हे पोहोचवायचे तर वाट नाशिकमधून जाते. १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे. ॲलोपॅथीपासून आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगपर्यंत राज्यातली जवळपास सगळी आरोग्य महाविद्यालये त्याच्या छत्राखाली येतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. त्यातल्या थोड्या प्रबंधांनी जरी ‘ह्या उपचाराला आमच्या रुग्णालयात खर्च किती येतो’ एवढाच प्रश्न घेतला, तरी परळच्या गणितज्ञांना आज जे आकडे अंदाजाने भरावे लागतात ते प्रत्यक्ष मिळतील. माझ्या मते दुसऱ्या कुठल्याही कार्यशाळेपेक्षा याचा उपयोग जास्त. प्रश्नांची वाण नाही. सुरगाणा, पेठ, कळवणच्या पाड्यांवर सिकलसेलची तपासणी चालते. स्वस्त विद्राव्यता चाचणी करायची आणि संशयित नमुना पक्क्या तपासणीला शहरात पाठवायचा, की जागेवरच निदान देणारी महाग पट्टी वापरायची? नमुना गेल्यावर अहवाल घेऊन त्या माणसाला पुन्हा गाठण्याचा खर्च धरला तर स्वस्त चाचणी स्वस्त राहते का?

मूल्यमापनाचा एक उपयोग व्यवहारी आहे आणि त्याची चर्चा कमी होते. चंडीगडने सुरक्षित सिरिंजांचा अभ्यास केला तेव्हा पुन्हा न वापरता येणारी सिरिंज परवडणारी ठरली. सुई टोचण्यापासून कर्मचाऱ्याला वाचवणारी सिरिंज मात्र त्या वेळच्या किमतीला परवडेना. ‘त्या वेळच्या किमतीला’ हे शब्द महत्त्वाचे. कंपनीशी घासाघीस करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात त्यातून एक आकडा येतो, या भावाच्या वर आम्ही घेणार नाही असे सांगायला.

परळच्या केंद्राचा दुसरा मोठा अभ्यास दंडात बसवायच्या इम्प्लांटचा. नॉरप्लांटमध्ये सहा नळ्या होत्या, यात एकच काडी आणि ती तीन वर्षे चालते. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, तांबी जेमतेम २ टक्के आणि पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. दोन मुलांत अंतर हवे असलेल्या बाईला पर्याय किती तोकडे, हे यावरून दिसते. इम्प्लांट राष्ट्रीय कार्यक्रमात आणणे खर्चाच्या मानाने परवडते, असा या अभ्यासाचा निष्कर्ष, आणि आता निवडक राज्यांच्या निवडक जिल्ह्यांत ते मिळू लागले आहे.

काडी बसवायला काही मिनिटे लागतात. काढायला जास्त, आणि ती खोल गेली असेल तर हात सरावलेला डॉक्टरच हवा. तीन वर्षे पुरी होण्याआधी कुणाला ती नको झाली, तर तिने कुठे जायचे? ज्या बाईला ती बसवली तिचे नाव, तारीख आणि काढण्याची मुदत आशाताईच्या वहीत आहे का? पहिल्या जिल्ह्यांतल्या पहिल्या बायकांची तीन वर्षे पुरी होतील तेव्हा किती जणींची काडी वेळेवर निघाली, किती जणींना काढून मागितल्यावर परत पाठवले गेले आणि त्या कामाला खर्च किती आला, हे मोजण्याचे काम परळच्या पुढ्यात येणार आहे. त्यासाठीची रजिस्टरे आत्ताच उघडलेली असली पाहिजेत.